ज्याची फजिती, त्याची सही

ठाण्याच्या तलावपाळीवर, उपवन तलावाच्या काठावर किंवा नवी मुंबईत वाशीच्या मिनी सीशोअरवर संध्याकाळी फिरायला जाणाऱ्यांच्या एक दृश्य आता अंगवळणी पडले आहे. दोन-तीन मुले असतात; एकाच्या शर्टाच्या आत कॉलर माईक दडवलेला असतो, दुसरा झाडामागे किंवा उभ्या स्कूटरच्या आडोशाला मोबाईल धरून बसलेला असतो, आणि मध्ये एखादा अनोळखी माणूस असतो, ज्याला आपले चित्रीकरण चालले आहे याचा पत्ता नसतो. अनोळखी माणसाची फजिती करणाऱ्या या प्रँक व्हिडिओंवरून गृहसंकुलांच्या व्हॉट्सॲप गटांपासून ज्येष्ठ नागरिक कट्ट्यांपर्यंत जो वाद रंगतो, तो मला दोन्ही बाजूंनी चुकीच्या पायावर उभा राहिलेला दिसतो. एक बाजू म्हणते की, पूर्वीचे छुप्या कॅमेऱ्याचे कार्यक्रम कसे निर्मळ होते, आता सगळाच चिखल झाला आहे, तेव्हा सार्वजनिक जागी असल्या चित्रीकरणावर सरसकट बंदी घाला. दुसरी म्हणते की, लोकांची विनोदबुद्धी आटली आहे. जुनी पिढीही हेच पाहून हसत होती, मग आताच अंगावर काटा का यावा? दोघेही जुन्या काळाचा दाखला देतात आणि दोघांनीही तो काळ नीट पाहिलेला नाही. माझे म्हणणे असे आहे की, त्या जुन्या कार्यक्रमांत जी काही सभ्यता होती ती माणसांच्या निरागसपणातून आलेली नव्हती. ज्याची फजिती केली त्याच्या होकारावाचून तिथे पान हलत नव्हते, म्हणून ती आली होती. तो होकार आज गळून पडला आहे, आणि भांडायचेच असेल तर त्याच्यासाठी भांडले पाहिजे.

या प्रकाराचा उगम पाहिला तर निर्मळपणाचा समज फार काळ टिकत नाही. अमेरिकेत ॲलन फंट नावाच्या माणसाने 28 जून 1947 रोजी रेडिओवर 'कँडिड मायक्रोफोन' सुरू केला. आपल्याकडे तेव्हा स्वातंत्र्याला दीड महिना उरला होता. दुसऱ्या महायुद्धात तो अमेरिकी लष्कराच्या सिग्नल विभागात होता, आणि सैनिकांची गाऱ्हाणी त्यांच्या नकळत ध्वनिमुद्रित करून पाहण्याचे प्रयोग त्याने तिथेच केले होते. म्हणजे हसवणाऱ्या या कार्यक्रमाचा जन्म चोरून ऐकण्याच्या यंत्रातून झाला. त्यातही नुसते चोरून ऐकणे पुरेसे ठरले नाही. माणसे एरवी जे बोलतात ते बहुतेक वेळा कंटाळवाणे असते, हे फंटच्या लवकरच लक्षात आले, आणि मग कोणीतरी मध्ये शिरून त्यांना डिवचायचे, गोंधळात टाकायचे, चिडवायचे, असा प्रकार सुरू झाला. ऑगस्ट 1948 मध्ये हा कार्यक्रम दूरचित्रवाणीवर आला आणि पुढच्या वर्षी त्याला 'कँडिड कॅमेरा' हे नाव मिळाले. 1950 च्या सुमारास न्यूयॉर्कर साप्ताहिकाच्या समीक्षकाने त्याला क्रूर, विषारी, माणसाच्या विरोधात जाणारा आणि चोरटा ठरवले. आज तलावपाळीवरच्या पोरांना आपण जी विशेषणे लावतो, ती पंचाहत्तर वर्षांपूर्वी त्या 'निर्मळ' कार्यक्रमाला लावून झाली होती, तीही पहिल्या दोन-तीन वर्षांतच. मग निर्मळपणाचा तो सुवर्णकाळ नेमका कधी होऊन गेला?

तरीही त्या कार्यक्रमात काही मोलाचे होते, हे मान्य करायला हवे, आणि प्रँकवाल्यांच्या बाजूचा सर्वांत भक्कम मुद्दा तोच आहे. 1962 मधला लिफ्टचा प्रसंग पाहा. लिफ्टमध्ये एक सामान्य माणूस उभा आहे. त्याच्यामागून आत आलेली कार्यक्रमाची माणसे दाराकडे तोंड न करता मागच्या भिंतीकडे तोंड करून उभी राहतात. तो आधी बुजतो, मग मनगटावरचे घड्याळ पाहिल्यासारखे करतो, आणि त्या निमित्ताने थोडा भिंतीकडे वळतो; अखेरीस सगळ्यांसारखा पाठमोरा होतो. इतरांनी हॅट काढली की हॅट काढतो, घातली की घालतो. मला या प्रसंगातले ते घड्याळ पाहणे सर्वांत महत्त्वाचे वाटते. गर्दीच्या मागे जाताना आपण ते स्वतःच्या मर्जीने करत आहोत असे दाखवायला माणूस किती चटकन सबब शोधतो, हे एवढ्या थोडक्यात कोणत्या ग्रंथात सापडेल? मानसशास्त्राच्या वर्गांतून ही फीत वर्षानुवर्षे दाखवली गेली. समाजशास्त्रज्ञ डेव्हिड रीझमन याने फंटची गणना अमेरिकेतल्या सर्वांत कल्पक समाजशास्त्रज्ञांत केली होती, ती काही उगाच नव्हे. दुसऱ्या एका प्रसंगात एक बाई उतारावरून गाडी घरंगळत आणून गॅरेजपुढे उभी करते; मेकॅनिक बॉनेट उघडतो तर आत इंजिनच नाही. तो वाकून गाडीच्या खाली पाहतो, पुन्हा बॉनेटमध्ये पाहतो. त्याच्या जागी आपण असतो तर आपणही खाली वाकून पाहिलेच असते, आणि हसू त्यामुळे येते. छुपा कॅमेरा माणसाबद्दल काहीतरी खरे सांगू शकतो. बंदी मागणारे हे लक्षात घेत नाहीत.

पण हे सगळे फंटच्या हातून घडले ते तो पुण्यात्मा होता म्हणून घडले काय? त्या काळचे कॅमेरे अवजड होते, दिवे प्रखर लागत, आणि एकतर्फी आरशामागे आख्खी मंडळी लपवावी लागे. एका प्रसंगासाठी इतका खटाटोप करावा लागला की माणूस प्रसंग निवडून घेतो. कार्यक्रमावर वाहिनी होती, वाहिनीवर जाहिरातदार होते, आणि रविवारी रात्री घरोघर कुटुंबे एकत्र बसून तो पाहत होती. आणि या सर्वांपेक्षा वरचढ गोष्ट म्हणजे सही. पडद्यावर ज्याचा चेहरा दाखवायचा, त्याची लेखी परवानगी घेतली जात असे. ही काही फंटची मेहेरबानी नव्हती. 1900 च्या सुमारास न्यूयॉर्क राज्यात एका तरुण मुलीचा फोटो तिला न विचारता पिठाच्या जाहिरातीवर छापला गेला. हजारो प्रती दुकानांतून आणि गुत्त्यांतून लागल्या. ती न्यायालयात गेली आणि 1902 मध्ये हरली, कारण असा काही हक्क कायद्यात नाही, असे न्यायालयाने म्हटले. लोकांत इतका संताप उसळला की पुढच्याच वर्षी, 1903 मध्ये, तिथल्या विधिमंडळाने कायदा केला: व्यापारासाठी किंवा जाहिरातीसाठी कोणाचेही नाव अथवा छायाचित्र लेखी संमतीवाचून वापरता येणार नाही. न्यूयॉर्कमध्ये चित्रीकरण करणाऱ्या माणसाला या कायद्याकडे काणाडोळा करणे परवडणारे नव्हते. पिठाच्या पोत्यावरून सुरू झालेले भांडण अशा रीतीने छुप्या कॅमेऱ्याचा लगाम बनले.

सहीमुळे विनोदाची जातच बदलते, हा माझा खरा मुद्दा आहे. ज्याला फसवायचे त्याच्याकडेच शेवटी कागद घेऊन जायचे आहे, हे आधीपासून ठाऊक असले की प्रसंग रचतानाच हात आखडतो. त्याला इतके दुखावून चालत नाही की तो कागद फाडून टाकेल. त्याने शेवटी हसले पाहिजे, आणि ते हसणे सही करण्याइतके खरे असले पाहिजे.

आपल्याकडे याचे उदाहरण शोधायला अमेरिकेला जायची गरज नाही. गावोगावी फिरणारा बहुरूपी पोलिसाच्या वेशात दारात येतो, खाकी कपडे, हातात छडी, आणि तुमच्या नावाचे वॉरंट निघाले आहे म्हणून दरडावतो. त्या दरडावण्यात यमके जुळवलेली असतात, आरोपही असे अचाट असतात की दोन मिनिटांत घरातली म्हातारी पदराआड हसू लागते, पण तेवढ्यात नवी सून किंवा धाकटा नातू खरोखर घाबरलेला असतो. ही फसवणूकच आहे आणि ती शतकानुशतके चालत आली आहे. मग बहुरूप्याला कोणी क्रूर का म्हटले नाही? कारण खेळ संपल्यावर तो ज्याला घाबरवले त्याच्याचपुढे हात पसरतो. त्याची भाकरी फसलेल्याच्या हातात असते. सूपभर धान्य द्यायचे की हाकलून लावायचे, हे घरमालक ठरवतो. थट्टेची कुस्करी झाली तर बहुरूप्याला पुढच्या वर्षी त्या वाड्यावर उभे करणार नाहीत. फंटला फसलेल्याची सही लागत होती, बहुरूप्याला फसलेल्याकडून शिधा लागत होता. तलावपाळीवरच्या पोराला फसलेल्याकडून काहीच लागत नाही. त्याचे पैसे तिसरीकडून येतात: जो तिथे नव्हता, ज्याला त्या माणसाचे नाव ठाऊक नाही, अशा हजारो प्रेक्षकांच्या व्ह्यूजमधून. त्या माणसाला हसू आले, रडू आले की छातीत धडधडले, याने हिशोबात काही फरक पडत नाही; उलट धडधडले तर अधिक लोक पाहतात. आजच्या पोरांचे संस्कार बिघडले म्हणून हे झाले, असे मला वाटत नाही. पैसा ज्या दिशेने येतो त्या दिशेला तोंड करून माणूस उभा राहतो.

हे किती सहज घडते ते मी तलावपाळीवर, मासुंदा तलावाच्या कठड्याशी पाहिले आहे. एक वयस्कर गृहस्थ बाकावर बसले होते, पायाशी भाजीची पिशवी. एक मुलगा त्यांच्या शेजारी येऊन बसला आणि कानात इअरफोन घालून असे बोलू लागला की प्रत्येक वाक्य त्या गृहस्थांनाच उद्देशून वाटावे. "काय, कसे आहात? पैसे कधी देताय?" ते दचकले, "कोण, मी?" म्हणाले, मुलगा त्यांच्याकडे न पाहता बोलतच राहिला. दोन-तीन मिनिटे ते उत्तरे देत राहिले, आणि प्रत्येक उत्तरागणिक अधिक ओशाळे होत गेले. मग मुलाने हात दाखवून "काका, तिकडे कॅमेरा" असे सांगितले. काका हसले. मुलगाही अगदी आदराने वाकून नमस्कार करून गेला. गुंड वगैरे मुळीच नव्हता. तो गेल्यावर काकांनी पिशवी उचलून मांडीवर घेतली आणि बाजूच्या माणसाला विचारले, "हे कुठे दाखवणार आहेत?" शेजाऱ्याला ते सांगता आले नाही, आणि ज्याला सांगता आले असते तो स्कूटरवरून निघून गेला होता.

प्रँकवाले ज्याला संमती म्हणतात ते हेच हसू. "शेवटी हसले की! त्यांना वाईट वाटले असते तर हसले असते का?" असा त्यांचा युक्तिवाद असतो. पण चारचौघांत आपली फजिती झाल्याचे कळल्यावर आपल्याकडचा माणूस दुसरे काय करणार आहे? चिडला तर तो व्हिडिओ अधिकच चालणार. हसणे ही त्या क्षणी अब्रू सावरण्याची एकमेव वाट असते. त्या हसण्यावरून होकार गृहीत धरायचा म्हणजे पाय घसरून पडलेला माणूस कपडे झटकत "लागले नाही, लागले नाही" म्हणाला, म्हणून त्याला लागलेच नाही असे मानण्यासारखे आहे.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. सार्वजनिक जागेत कोणाला कसला आला आहे खासगीपणा? रस्त्यावर उभा असलेला माणूस शेकडो जणांना दिसतोच. वार्ताहर, छायाचित्रकार, पर्यटक सगळेच त्याला टिपतात. हे खरे आहे, आणि म्हणूनच बंदीची मागणी मला धोक्याची वाटते. तलावपाळीवर किंवा पाम बीच रोडवर 'चित्रीकरणास मनाई' असा फलक लावून दंडुका पोलिसाच्या वा खासगी सुरक्षारक्षकाच्या हाती दिला, तर सर्वांत आधी कोणाला हटकले जाईल? प्रँकवाल्याला नव्हे, तो पाच मिनिटांत पसार झालेला असतो. बाकावर बसून एकमेकांचा फोटो काढणाऱ्या जोडप्याला हटकले जाईल. फुटलेल्या गटाराचा व्हिडिओ काढणाऱ्या रहिवाशाला हटकले जाईल. अशा मनाईचा लाभ ज्यांना आपली कामे झाकून ठेवायची आहेत त्यांनाच होतो. छुप्या कॅमेऱ्याने सार्वजनिक हितही साधले आहे. 2001 मध्ये तेहलका या वृत्तसंकेतस्थळाने संरक्षण खरेदीतील लाचखोरी अशाच कॅमेऱ्याने उघड केली. त्याच कॅमेऱ्याने 2007 मध्ये दिल्लीतील एका शिक्षिकेवर बनावट स्टिंग करून तिला जमावाच्या तोंडी दिले, हेही विसरता येत नाही. हत्यार दोन्हीकडे तेच होते.

परंतु दिसणे आणि दाखवले जाणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. गोखले रोडवर मला जे शंभर लोक पाहतात ते घरी जाईपर्यंत मला विसरतात. व्हिडिओतला माणूस विसरला जात नाही. तो मुलीच्या सासरच्या गटात पोहोचतो, कार्यालयातल्या सहकाऱ्याच्या फोनवर पोहोचतो, आणि 'काका का कट गया' अशा मथळ्याखाली वर्षानुवर्षे तिथेच राहतो. आपल्या न्यायालयांनाही हा फरक ठाऊक आहे. आर. राजगोपाल प्रकरणात 1994 मध्येच सर्वोच्च न्यायालयाने, माणसाचे नाव वा प्रतिमा त्याच्या संमतीवाचून वापरणे हा खासगीपणाचा भंग ठरू शकतो, ही बाजू ओळखली होती; ऑगस्ट 2017 मध्ये नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने खासगीपणाला मूलभूत हक्क ठरवले. पण हक्काचा उपयोग कोणाला होतो? 2022 मध्ये अमिताभ बच्चन आणि 2023 मध्ये अनिल कपूर यांनी दिल्ली उच्च न्यायालयातून आपले नाव, आवाज, चेहरा यांच्या वापराविरुद्ध आदेश मिळवले. कपूर यांच्या 'झकास'लाही त्यात संरक्षण आहे. त्यात गैर काही नाही. मात्र मॉलच्या दारातला सुरक्षारक्षक, पार्सल घेऊन आलेला मुलगा, रिक्षावाला, शेंगदाणे विकणारी बाई, यांचा चेहरा फुकट आहे. प्रँकचे बळी बहुधा हेच लोक असतात, हा योगायोग नाही. कामावर असलेला माणूस निघून जाऊ शकत नाही. गिऱ्हाईकाशी उर्मटपणे बोलला तर नोकरी जाते. कोणाही पोलीस निरीक्षकाच्या शेजारी बसून "पैसे कधी देताय" असे विचारल्याचा व्हिडिओ माझ्या तरी पाहण्यात नाही. बहुरूपी निदान स्वतः पोलीस बनून येत होता.

"अहो, अर्धे व्हिडिओ ठरवून केलेले असतात, त्यातला माणूसही त्यांचाच असतो," असेही सांगितले जाते. असेल. मग त्याची सही घेण्यात अडचण कसली? आणि ज्या उरलेल्या अर्ध्यांत माणूस खरा असतो, त्यांचे काय?

या सगळ्यात एक नुकसान असे आहे की ते कोणा एकाचे नसते, म्हणून त्याची तक्रारही कोणी करत नाही. 3 फेब्रुवारी 1969 रोजी फंट स्वतः सहकुटुंब नेवार्कहून मायामीला जाणाऱ्या विमानात होता. वाटेत विमानाचे अपहरण झाले आणि ते क्यूबाकडे वळवण्यात आले. प्रवाशांपैकी काहींनी फंटला ओळखले आणि हा सगळा त्याच्या कार्यक्रमाचाच भाग आहे अशी त्यांची खात्री पटली. खऱ्या अपहरणात ते हसत बसले. वीस वर्षे लोकांना हसवणाऱ्या माणसाला, हे खरे आहे असे सांगूनही कोणाला पटवता येईना. तो प्रसंग सुदैवाने निभावला. पण एका राष्ट्रीय वाहिनीवरच्या एका कार्यक्रमाने जर हे होत असेल, तर दर संध्याकाळी प्रत्येक तलावाकाठी आणि प्रत्येक स्टेशनबाहेर कॅमेरे दडवलेले असताना काय होईल? ठाणे स्टेशनच्या पुलावर एखादा माणूस चक्कर येऊन पडला तर आजही लोक धावतात, पाणी देतात, रुमालाने वारा घालतात. मुंबईच्या लोकलने माणसांना शिकवलेली ही मोठी गोष्ट आहे. त्याच पुलावर चार वेळा खोटी चक्कर येऊन गेली की पाचव्या वेळी लोक आधी आजूबाजूला मोबाईल शोधतील.

म्हणून मागायचे ते नेमके मागू या. कॅमेरा लपवू नका असे म्हणण्यात अर्थ नाही, लपवला नाही तर तो प्रकारच उरत नाही. चेहरा ओळखू येत असेल तर चित्रीकरण झाल्यावर, ते त्या माणसाला दाखवून, कुठल्या चॅनलवर जाणार ते सांगून, त्याचा स्पष्ट होकार घ्यावा. मुलांच्या बाबतीत पालकांचा घ्यावा. कामावर असलेल्या माणसाच्या बाबतीत त्याच्या मालकाचा होकार त्याचा मानू नये. नंतर त्याने काढून टाका म्हटले तर काढावे. हे महापालिकेचे काम नाही आणि पोलिसांचेही कमीच आहे. ज्या मंचावर व्हिडिओ चढतो आणि जो मंच त्यावर जाहिरात लावून पैसे मिळवतो, त्याचे ते काम आहे. गाण्याचा तुकडा परवानगीशिवाय वापरला तर तो मंच व्हिडिओचा आवाज काही तासांत बंद करू शकतो. जानेवारी 2019 मध्ये युट्यूबने, समोरच्याला जिवाची भीती वाटेल असे आणि मुलांना मानसिक यातना देणारे प्रँक आपल्या नियमांखाली वर्ज्य केलेच आहेत. म्हणजे प्रँककडे नियमाच्या नजरेने पाहता येते हे मान्य झाले आहे. उरतो तो भीतीच्या खालच्या पायरीवरचा अपमान, आणि आपल्याकडचे बहुतेक व्हिडिओ त्याच पायरीवरचे आहेत.

यावर शेवटचा आक्षेप असा येतो की परवानगी मागायला गेलो तर कोणीच देणार नाही आणि हा प्रकारच बंद पडेल. पण 'कँडिड कॅमेरा' सह्या घेत घेतच वर्षानुवर्षे चालला आणि 1960 ते 1967 या काळात तर अमेरिकेतल्या सर्वाधिक पाहिल्या जाणाऱ्या कार्यक्रमांत गणला गेला. लिफ्टमध्ये पाठमोऱ्या उभ्या राहिलेल्या माणसाला आपण जगापुढे वेंधळे दिसणार हे ठाऊक असणार. आपल्यासारखाच कोणीही दिसला असता हेही त्याला ठाऊक असणार. तलावपाळीवरच्या त्या काकांनाही कदाचित स्वतःचे "कोण, मी?" पाहून मनापासून हसू आले असते, आणि त्यांनी नातवाला पाठवायला लिंकही मागून घेतली असती. त्यांना फोनवरचे चित्रीकरण दाखवून विचारायला फार तर दोन मिनिटे लागली असती, आणि त्यांनी नाही म्हटले असते तर त्या मुलाला तेवढी एक चित्रफीत पुसून शेजारच्या बाकाकडे वळावे लागले असते.